लडाखमध्ये कोणाचंही डोकं दुखलं नाही

आमच्याकडे लोक लडाखचे फोटो बघायला येतात आणि किस्से ऐकून जातात. फोटो अजून कोणी पूर्ण बघितलेले नाहीत. तिसऱ्या फोटोपाशी कोणीतरी म्हणतं, "अन् थो कांद्याचा किस्सा सांगा नं," की मोबाईल बाजूला! मग एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. प्रत्येक जण तोच किस्सा आपल्या सोयीनं सांगतो, आणि दर वेळी त्यात एकाची उलटी कमी होते आणि दुसऱ्याची वाढते. मी घरात सगळ्यांत नवी आणि सगळ्यांत कमी बोलणारी. म्हणून म्हटलं, आपण लिहून काढू. लिहिताना मध्ये कोणी बोलत नाही.

खरं तर लडाखला दोघंच जाणार होतो. मी आणि पंकज. लग्नाला दोन महिने झाले होते आणि मुकुटबनच्या बाजूला आमच्या तांड्यावर मे महिना असा तापला होता, की दुपारी कुत्रीसुद्धा पाण्याच्या टाकीखालून हलत नव्हती. पंकजनं जेवताना हळूच विषय काढला. सासरे म्हणजे बापू, तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख. ते म्हणाले, "दोघंच कायले जाता? पेरणीले अजून टाईम हाय. सारेच जाऊ!"

सारेच म्हणजे बापू, सासूबाई, ज्यांना घरात सगळे याडी, म्हणजे आई, म्हणतात, आणि बापूंची मोठी बहीण, म्हणजे फूपी. हनिमूनला निघालेली पाच माणसं! पंकजनं माझ्याकडे पाहिलं. मी भाकरीकडे पाहिलं.

*

निघण्याआधी यवतमाळच्या डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर चांगले होते, घाईत नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, की एकदम उंचावर गेलं की हवा विरळ लागते, शरीराला सवय व्हायला वेळ लागतो. डोकं दुखेल, मळमळेल, झोप लागणार नाही. असं काही झालं तर लपवायचं नाही, आणि बरं वाटेपर्यंत आणखी वर जायचं नाही. कोणी भलतंसलतं बोलायला लागलं, किंवा सरळ रेषेत पाऊल टाकता येईना, तर चर्चा करत बसायचं नाही. तडक खाली!

बापू मान डोलवत होते. त्यांची मान डोलणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे मला लग्नाच्या बोलणीतच कळलं होतं.

"आणि पोचल्यावर पहिले दोन दिवस," डॉक्टर म्हणाले, "काहीही करायचं नाही. खायचं, पाणी प्यायचं आणि पडून राहायचं."

बापू खुर्चीतून पुढे झाले. "काहीच नाई?"

"काहीच नाही."

"मंग त्याच्यासाठी लडाखले कायले जाऊ? तसं तर हा पंकज घरीच करून राह्यला!"

*

तांड्यावर बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. सल्ले देणाऱ्यांत चिखलदऱ्याच्या वर गेलेला एकही माणूस नव्हता, पण हिमालयाची माहिती सगळ्यांना पाठ. कोणी म्हणालं कापूर हुंगा. कोणी म्हणालं लसूण चावा, रक्त पातळ होते. शेजारचे गुरुजी म्हणाले, "सगळा प्रश्न ऑक्सिजनचा आहे," आणि निघून गेले. प्रश्न ठेवून.

फूपीनं तो प्रश्न घेतला. तिनं टीव्हीवर कुठेतरी ऐकलं होतं, की तुळस ऑक्सिजन देते. झालं! नागपूरला विमानतळावर फूपीच्या पिशवीतून प्लास्टिकच्या डब्यात लावलेलं तुळशीचं रोप निघालं. सुरक्षेवाल्यानं डबा उचलला, खालून बघितला, वरून बघितला.

"अम्मा, ये क्या है?"

फूपी म्हणाली, "ऑक्सिजन!"

मागची रांग थांबली. पंकज दुसऱ्याच कुटुंबातला असल्यासारखा पुढे चालायला लागला.

*

लेहला उतरलो. आकाश इतकं निळं, की खोटं वाटावं. हॉटेलच्या पायऱ्या फार नव्हत्या, पण वर पोचेपर्यंत आमचं सगळं कुटुंब जत्रेतल्या धावण्याच्या शर्यतीतून आल्यासारखं धापा टाकत होतं. "काई कोनी," बापू कठड्याला धरून म्हणाले. आमच्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत म्हणजे 'काही नाही'. पुढचे तीन दिवस आमच्या घरात हे दोनच शब्द चालले. काई कोनी! उलटी झाली, काई कोनी. डोळ्यांपुढे अंधारी आली, काई कोनी.

सवय अशी, की आमच्याकडे मे महिन्यात माणसाला काहीही झालं तरी एकच निदान असतं, ऊन लागलं. डोकं दुखतं? ऊन. मळमळतं? ऊन. परीक्षेत नापास झाला? त्याच्यातही थोडं ऊन असतंच. त्यामुळे दुपारी पंकज डोकं धरून पलंगावर आडवा झाला, तेव्हा फूपीनं एका क्षणात रोग ओळखला. पिशवीतून कांदा काढला, मधोमध चिरला आणि त्याच्या तळपायाला चोळायला लागली. बाहेर बोटं आखडतील एवढी थंडी. खोलीत भज्यांच्या गाडीचा वास.

वास घेत हॉटेलच्या मालकीणबाई आल्या. त्यांना वाटलं, आम्ही खोलीत स्वयंपाक मांडला. पंकजचे तळपाय बघून त्या थबकल्या.

"इनको क्या हुआ?"

"ऊन लगा है," फूपी म्हणाली. "धूप, धूप!"

"आंटीजी, धूप कहाँ? सामने तो बर्फ है."

फूपीनं दुसरी फोड घेतली. "हाँ, तो बर्फ का ही लगा है!"

*

दुसऱ्या दिवशीचा नाश्ता मला विसरता येत नाही. टेबलाभोवती पाच जण. पाचही जण दोन्ही हातांनी चहाचा कप धरून, मान अजिबात न हलवता बसलेले. वळून बघायचं असेल तर खुर्चीसकट वळत होते.

"कोनाचं डोकं गिकं दुखून राह्यलं का?" बापूंनी विचारलं.

"छे!" पंकज.

"मले काहून दुखन?" फूपी.

"नाई," याडी म्हणाल्या, कपात बघून.

"मंग बरं हाय. आपल्याले नाई होत असं."

खरी भीती वेगळीच होती. पहिला जो कबूल करेल, त्याच्यामुळे सगळ्यांचं वर जाणं रद्द होणार, आणि मग जन्मभर तो 'लडाख बुडवणारा' म्हणून ओळखला जाणार. म्हणून सगळे ठणठणीत!

डोकेदुखीच्या गोळ्यांची स्ट्रिप माझ्या पर्समध्ये होती. नाश्त्यानंतर मी बाल्कनीत उभी होते. आधी फूपी आली. "बाई, एक गोळी दे. भियाले सांगू नको." भिया म्हणजे भाऊ, बापू. मग पंकज आला. "एक दे नं. फूपीले सांगू नको, पुन्हा कांदा काढन." मग याडी आल्या. काही बोलल्याच नाहीत, नुसता हात पुढे केला. शेवटी बापू आले. इकडचं तिकडचं बोलले, डोंगराचं कौतुक केलं, कापसाच्या भावावर घसरले. मग म्हणाले, "पर्समधी आवळासुपारी हाय का? नसन तर… गोळी बी चालन."

संध्याकाळपर्यंत स्ट्रिप रिकामी झाली. आणि घरात एकाचंही डोकं दुखत नव्हतं!

*

पंकजनं बोटाला लावायचं ते मशीन आणलं होतं. रक्तात ऑक्सिजन किती, ते सांगणारं. आजार कळावा म्हणून आणलेलं. पण आमच्या घरात कुठलाही आकडा आला की त्याचा निकाल होतो.

"मले अठ्ठ्याऐंशी!" पंकज ओरडला.

"डिस्टिंक्शन," बापू म्हणाले.

फूपीला पंच्याऐंशी. ती हिरमुसली. म्हणाली, पुन्हा लाव, मी श्वास घेतला नवता. माझे सगळ्यांत जास्त आले. मी गप्प बसले, पण आकडा काही लपत नाही. फूपीनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "नवी हाय. अजून काम कमी पडून राह्यलं तिले."

बापूंची पाळी आली. बापू शाल पांघरून बसले होते. म्हणाले, बोटं गार हायेत, शालीतच लावतो. मशीन शालीत गेलं. बाजूला याडी चिकटून बसलेल्या. थोड्या वेळानं शालीची कड उचलली गेली आणि पंकजनं वाचलं, "सत्त्याऐंशी! बापू, तुम्ही बी डिस्टिंक्शन!"

मी मात्र बोट बघत होते. मशीनमधून बाहेर आलेल्या बोटावर याडींचं गोंदण होतं.

पंकजला बाजूला घेऊन सांगितलं. त्यानं आधी खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "बरोबर हाय तुझं. पन बापूले कोन सांगन?"

*

डॉक्टरांनी सांगितलं होतं, पाणी भरपूर प्या. लेहच्या आसपास फिरायला गाडी केली, तेव्हा पुरुषांनी हा सल्ला फार मनावर घेतला. बाटल्यांवर बाटल्या. दर वळणावर गाडी थांबवायची, उतरायचं, निसर्गाकडे तोंड करून उभं राहायचं. बापू तर म्हणाले, "इथं मोकळं कसं वाटते!"

याडी आणि फूपी मात्र सकाळपासून एक घोटही प्यायल्या नव्हत्या. मीही. पंकज बाटली पुढे करायचा, आम्ही तिघी डोंगराकडे बघायचो. चौथ्यांदा त्यानं बाटली पुढे केली, तेव्हा याडींचा बांध फुटला. सगळीकडे नुसते उघडेबोडके डोंगर, मैलोन् मैल एक झुडूप नाही!

"हवा कमी हाय, थे समजलं," त्या म्हणाल्या. "पन आडोसा बी कमी हाय, हे त्या डॉक्टरनं काहून नाई सांगतलं?"

परतल्यावर आम्ही तिघींनी हॉटेलातलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

*

बापूंना एक गोष्ट कुठेही सांगायला आवडते, म्हणजे लदेणी. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून आमचे पूर्वज देशभर हिंडायचे. लेहच्या बाजारात शाल घेता घेता बापूंनी दुकानदाराला ते सांगायला सुरुवात केली. धाप लागत होती, त्यामुळे प्रत्येक वाक्याला एक घाट.

"हमारे लोग… ऐसे कितने पहाड… पार किये. बैल लेके! किसी का… डोका नहीं दुखा!"

दुकानदार सज्जन होता. "वाह," म्हणाला.

याडी लोकरीचे मोजे चाचपत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "थे बैलासंगं चालत जात होते. दोन कोस गेले का मुक्काम. तुम्ही सकाळी चहा पिऊन विमानात बसले, अन् चहा जिरायच्या आत अथी आले."

बापूंनी शाल न घेताच दुकान सोडलं.

*

आता शेवटचा. हा बापू स्वतः सांगत नाहीत, पण दुसरं कोणी सांगत असलं तर उठूनही जात नाहीत.

चौथ्या दिवशी सकाळी उंच खिंडीकडे निघालो. खिंडीच्या पाटीपाशी उभं राहून फोटो काढायचा, हे बापूंनी तांड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर करून टाकलं होतं. निघायच्या आधीपासूनच लोकांचे अंगठे येत होते.

बापूंनी नाश्ता केला नव्हता. अर्ध्या वाटेत गाडी थांबवून उलटी केली. "रस्ता वाकडा हाय," म्हणाले. त्यानंतर ते बोलायचेच थांबले. बापू गप्प बसलेत, हे लक्षण डॉक्टरांनाही माहीत नसणार. आम्ही मात्र सगळेच घाबरलो.

खिंडीच्या अलीकडे चौकीपाशी गाडी थांबली. बापू उतरले आणि उतरताना त्यांचा पाय चुकला. जॅकेटची चेन लावायला लागले, तर बोटांना ती सापडेना. मग त्यांनी पंकजकडे बघून विचारलं, "कापूस झाकला का?"

मे महिना. घरात कापसाचं बोंडही नव्हतं.

याडींनी माझा हात धरला. लडाखी ड्रायव्हरनं एकदाच बापूंकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, नीचे चलते हैं."

"काई कोनी!" बापू म्हणाले. "वर चाला. नायक अर्ध्यातून वापस आला म्हनतीन लोकं."

"बापू, डॉक्टरनं सांगतलं होतं," पंकज चाचरत म्हणाला. "एकदा सरळ चालून दाखवा. एवढं."

"मले?" बापू गाडीला टेकून उभे होते. "मले चालून दाखव म्हनतं तू? मले?"

त्यांचा राग का उसळला, ते सांगायला हवं. आमच्या तांड्यावर दारूबंदी आहे आणि ती बापूंनी आणली. कोणी पिऊन आल्याचा संशय असला, तर देवळासमोर चुन्याची रेघ मारतात. टाचेला बोट लावत तिच्यावरून चालायचं. पण एकट्या माणसाला कधी चालवत नाहीत, त्याची बेइज्जती होते. देवळाच्या ओट्यावर बसलेले सगळेच चालतात. हा नियम बापूंचाच. आणि ज्याचा पाय घसरला, त्याला मारायचं नाही, दंड नाही. बापू फक्त त्याच्या बायकोला बोलावतात आणि मोठ्यानं म्हणतात, "ने बाई. तुह्या ताब्यात!" मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या घरात फक्त तिचं चालतं. ती म्हणेल तिथे बसायचं, ती म्हणेल तेव्हा बोलायचं. तांड्यावरचे पुरुष पोलिसांना एवढे भीत नाहीत.

तर, ती रेघ मारणाऱ्या माणसाला त्याचाच मुलगा रेघेवर चाल म्हणत होता. बापू गाडीचं दार उघडायला वळले. हात दाराच्या जरा बाजूला पडला.

तोवर बापूंपुढे मी 'चहा ठेवू का' याच्या पलीकडे बोलले नव्हते. आवाज कुठून आला, माहीत नाही.

"बापू," मी म्हटलं, "एकट्याची कायले? साऱ्यांचीच घ्या नं."

बापू थांबले. मी बुटाच्या टाचेनं रस्त्याकडेच्या भुरभुरीत बर्फावर एक रेघ ओढली.

बापूंच्या चेहऱ्यावर काहीतरी परत आलं. ते एका दगडावर बसले, एक हात गाडीच्या चाकावर. "रांगेत या," म्हणाले. आवाज बारीक होता, पण देवळासमोरचाच.

पंकज चालला. नीट चालला. फूपीनं लुगडं घोट्यावर धरलं आणि जत्रेत दोरीवर चालणाऱ्या पोरीसारखी गेली. "पास," बापू म्हणाले. मी गेले. "पास." याडी सगळ्यांत हळू गेल्या, मध्ये थांबून दम घेतला, पण रेघ सोडली नाही.

मग कोणी चालायचं राहिलं नाही.

"अन् ओट्यावर बसला, त्यानं बी चालायचं असते नं?" याडी म्हणाल्या.

बापू उठले. पंकज आधाराला पुढे झाला, त्याला हातानंच मागे सारलं. पहिलं पाऊल रेघेवर पडलं. दुसरंही. तिसरं उचललं ते डावीकडे गेलं आणि पंकजच्या बुटावर पडलं. बापूंनी ते परत आणलं. पुन्हा टाकलं. पुन्हा तिकडेच गेलं.

ते रेघेकडे बघत राहिले. आम्ही डोंगराकडे.

"ने बाई," बापू म्हणाले. मोठ्यानं म्हणायला गेले, पण श्वास पुरला नाही. "तुह्या ताब्यात."

याडींनी त्यांच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, त्यांना मागच्या सीटवर आपल्याजवळ बसवलं आणि ड्रायव्हरला मराठीत सांगितलं, "भाऊ, फिरवा गाडी. खाली, दवाखान्यात." त्या ड्रायव्हरला मराठीचा एक शब्द येत नव्हता. तरी त्यानं गाडी अशी वळवली, की जन्म आमच्या झरी जामणी तालुक्यात गेला असावा.

वळणामागून वळण उतरत आलो. खाली हिरवी झाडं दिसायला लागली, तशी बापूंनी मान उचलली. चेहऱ्यावर थोडा रंग आला होता. इकडेतिकडे पाहिलं, खाकरले.

"मोकळं वाटून राह्यलं आता," म्हणाले. "ड्रायव्हरसाहेब, दवाखाना कायले? फिरवा वर. फोटोपुरतं!"

ड्रायव्हरनं आरशात पाहिलं. बापूंकडे नाही, याडींकडे.

याडी बाहेरची झाडं बघत होत्या. "सकाळ झाली का?" त्यांनी विचारलं.

बापूंनी घड्याळ बघितलं. मग खिडकीबाहेर. मग स्वतःच्या पायांकडे.

"नाई," म्हणाले.

"मंग गप बसा."